फिनलंडचे लाकडी कंकण आणि लोणंदच्या वाटेवरचा तुळशीचा मणी

१/ फिनलंडच्या लाकडी कंकणांविषयी एक समज इतिहासप्रेमी तरुणांत रूढ आहे. अरण्यांचा देश, लाकडाशी प्राचीन नाते, म्हणून तेथे ही साधी, देखणी कला आपोआप उमलली; महाराष्ट्रात मात्र लाकडी मणी म्हणजे केवळ जत्रेतला माल. हा समज दोन्ही टोकांनी खोटा आहे.

२/ गोल लाकडी मण्यांच्या दागिन्यांसाठी ओळखली जाणारी ‘आरिक्का’ १९५४ साली सुरू झाली. वस्त्रकलेचे शिक्षण घेतलेल्या काइया आरिक्का यांना आपल्या पोशाखाला जुळणारी बटणे मिळेनात, म्हणून त्यांनी ती लाकडाची करविली. बटणांतून पुढे दागिने आले. यात आदिम असे काहीच नाही.

३/ जमीन मात्र तयार होती. उनो सिग्नेयस यांच्या आग्रहाने १८६६ साली तेथील लोकशाळांत हस्तकाम आले. १८७१ मध्ये हेलसिंकीत हस्तकलेची शाळा निघाली, १८७५ मध्ये कलाकुसरीला वाहिलेली संघटना. पुढे १९५१ च्या मिलान प्रदर्शनात तापिओ विर्काला यांनी तीन सर्वोच्च पारितोषिके मिळवली. या ८५ वर्षांच्या खटपटीलाच आज ‘परंपरा’ म्हणतात.

४/ ‘ते स्वतंत्र होते, हिंदुस्थान पारतंत्र्यात’ ही सबब टिकत नाही. १९१७ पर्यंत फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती. आणि मुंबईचे जे. जे. कला विद्यालय १८५७ चे, म्हणजे हेलसिंकीच्या शाळेहून १४ वर्षांनी वडील. हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारी वर्ध्याची परिषद मात्र १९३७ ची, आणि तिची योजनाही पुढे मागे पडली.

५/ आता लोणंद. नीरेत पादुकांचे स्नान झाले, की ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला विसावते. त्या गर्दीत हजारो गळ्यांत, कित्येक मनगटांतही, तुळशीचे मणी असतात. ते कोणी घडवले? पंढरपुरात काशीकापडी समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत. तुळशीचे खोड बोटाएवढेही जाड नसते. ते वाळवायचे, साल काढायची, बारीक तुकडे करायचे, तडा न जाऊ देता भोक पाडायचे, मग घासून गोलाई आणायची. असे १०८ मणी. मण्याचा आकार खोडाची जाडी ठरवते. साहित्याशी प्रामाणिक राहण्याचे जे तत्त्व फिनलंडच्या नावे गौरविले जाते, ते हेच.

६/ सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाखेने रंगविलेली लाकडी खेळणी निदान कौतुकाला तरी पात्र ठरली. कातकाम करणाऱ्याला मराठीत ‘कातारी’ असा स्वतंत्र शब्द आहे. तोही आता किती जणांना ठाऊक असेल?

७/ यावर आक्षेप ठरलेला: माळ ही भक्तीची खूण, तिला डिझाइन म्हणणे हा तिचा अवमान. परंतु माळ का घालायची हे श्रद्धेने ठरते. तिचे भोक केवढे, गाठ कोठे, दोरा कोणता, हे घडविणाऱ्याच्या हाताने. वारीवर लिहिणाऱ्यांनी अभंगांचे पाठभेद तपासले, दिंड्यांचे क्रम नोंदवले, रिंगणातल्या अश्वाचीही कुळकथा सांगितली. मण्याच्या कारागिराला त्यांनी नाव विचारले नाही. हेलसिंकीच्या मण्याला मात्र नाव आहे, सालही आहे. आणि यंत्रावर कातलेल्या स्वस्त माळांनी पंढरपूरची उरलीसुरली घरे हा धंदा सोडू लागली, तर विचारायलाही कोणी उरणार नाही.