एका गळ्याचे दोन श्रोते

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात पांडुरंगाचा रथ निघतो. पंढरपूर गाठणे ज्यांना जमत नाही अशी जळगाव परिसरातील माणसे त्या दिवशी इथे येतात. रथाच्या चाकाला मोगरी लावणाऱ्यांची धांदल चालू असते, आणि फराळाच्या कुठल्या ना कुठल्या मंडपातील कर्ण्यातून प्रल्हाद शिंदे गात असतात. पंढरीच्या वाटेवरची त्यांची ती दोन-तीन गाणी वाजली नाहीत तर एकादशी झाल्यासारखी वाटत नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. गाणाऱ्याचे नाव विचारले की मात्र त्यातले निम्मे गप्प होतात.

मागे एकदा लोकसाहित्याच्या तासाला आम्ही हाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला. गाणी सर्वांना पाठ होती, नाव तिघाचौघांना ठाऊक होते. त्यांतल्या एकाच्या उत्तराने आम्हीच विचारात पडलो. त्याच्या घरी वडील चौदा एप्रिलच्या आठवडाभर प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते लावतात. परंतु एकादशीला ऐकू येणारे प्रल्हाद शिंदे हे कुणी वेगळेच गायक असावेत, अशी त्याची समजूत होती. वर्ग हसला. आम्हांला मात्र ही समजूत एका विद्यार्थ्यापुरती वाटली नाही. महाराष्ट्राने या गायकाचे स्मरण नेमके असेच दोन तुकड्यांत केलेले आहे.

प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. त्या वर्षी आषाढी एकादशी अवघ्या पाच-सहा दिवसांवर आली होती. दिंड्या वाटेवर होत्या. त्याआधी सहाच आठवड्यांपूर्वी, १५ मे रोजी, वामनदादा कर्डक गेले होते. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर आंबेडकरी गाण्याने आपला कवी आणि आपला आवाज असे दोन्ही गमावले. वामनदादांवर पुढे लिहिले गेले, त्यांच्या कवितेचा अभ्यास झाला, कारण त्यांचे शब्द कागदावर उतरवता येतात. प्रल्हाद शिंदे यांनी मागे ठेवला तो गळा. गळ्यावर समीक्षा कशी लिहायची हे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना कुणी शिकवले नाही, आणि आम्हीही ते शिकून घेतले नाही.

तो गळा कशाने घडला? लहानपणी आईवडिलांबरोबर कीर्तनातून ऐकलेले गाणे आणि पुढे कव्वालीच्या पार्टीत कोरसमध्ये केलेली उमेदवारी, या दोन शाळा. कीर्तनाने शब्द स्वच्छ ठेवायला शिकवले, कव्वालीने सूर शेवटच्या रांगेपर्यंत फेकायला. म्हणूनच त्यांचा आवाज टिपेला जातानाही शब्द सांडत नाही. सुगम संगीताच्या मैफिलीतील घोटीव गोडवा त्या आवाजात नाही. उघड्या मैदानात, हजारोंच्या गर्दीत, फाटक्या कर्ण्यातून ऐकला तरी ओळखू येईल असा खडा सूर आहे. ‘चल गं सखे पंढरीला’ या गाण्याचे नावच पाहा. अभंगात बहुधा भक्त एकटा देवाशी बोलतो. इथे संसारातला माणूस जोडीदारणीला बरोबर घेऊन निघायचे म्हणतो. ही भक्ती घरातली, शिदोरी बांधून निघणारी आहे. ते आमंत्रण खरे वाटते ते या खड्या, न लाजणाऱ्या आवाजामुळे. मुलायम आवाजात ते लाडिक झाले असते.

पण आम्हांला सांगायचे आहे ते याच्या पलीकडचे आहे. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३चा, दलित समाजातला. आमच्याच खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ज्यांनी मास्तरकी केली त्या साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिराचा दरवाजा अस्पृश्य मानलेल्यांना उघडला. म्हणजे ज्या आवाजाने पुढे अवघ्या महाराष्ट्राला पंढरीची वाट दाखवली, त्या आवाजाच्या धन्याला तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत त्या वाटेच्या शेवटी पायरीवरच थांबावे लागले असते. चोखोबांपासून चालत आलेली ही गोष्ट होती. फराळाच्या मंडपात त्यांचे गाणे लावताना हे कुणाच्या मनात येत नाही, आणि दोष कुणा एकाचा नाही; आम्हीही कित्येक वर्षे ते नुसतेच ऐकत आलो.

दुसऱ्या बाजूचीही एक अडचण आहे. १९५६च्या धर्मांतरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत जुने देव नाकारलेले आहेत. त्या विचारात वाढलेल्या श्रोत्याला याच गायकाने गायिलेली विठ्ठलाची, गणपतीची गाणी, सत्यनारायणाची कथा खुपते. मग एक सोयीचे उत्तर पुढे येते: ती गाणी पोटासाठी, भीमगीते मनापासून. भाविक श्रोता ऐकून घेतलेच तर हेच उत्तर उलटे करून देतो. आम्हांला ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. पोटासाठी सगळेच गातात. परंतु दोन्हींकडची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली तर गाणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला आहे असे जाणवत नाही. ‘समन्वय’ हा आमच्या उत्तरपत्रिकांतला लाडका शब्दही इथे लावू नये. त्याने ताण मिटत नाही, फक्त झाकला जातो. देवाने दूर ठेवलेल्यांचा आणि देव सोडलेल्यांचा आवाज एकाच छातीतून निघत होता, हे अवघड आहे आणि ते अवघडच राहू द्यावे.

खानदेशात राहून या संदर्भात बहिणाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांची गाणीही तोंडीच होती. सोपानदेवांमुळे ती कागदावर आली, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले, आणि २०१८पासून आमच्या विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे. ते योग्यच झाले. प्रल्हाद शिंदे यांच्या वाट्याला छापखाना आला नाही; तबकडी आली, मग कॅसेट आली. कॅसेटमुळे ते बहिणाबाईंपेक्षा अधिक घरांत पोचले असतील, पण अभ्यासमंडळात कॅसेट कुणी वाजवत नाही. अमेरिकेत खेडवळ गाण्याच्या गायकांसाठी नॅशव्हिलला १९६७ सालीच संग्रहालय उभे राहिले. आमच्या लोकसाहित्याच्या पेपरात अजून जात्यावरच्या ओवीपुढे कर्णा येत नाही. (जाते आमच्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींनी पाहिलेलेही नाही, ही गोष्ट वेगळी.)

गेल्या आषाढीला आम्ही रथापाशी स्पीकर लावणाऱ्या एका तरुणाशी बोलत उभे होतो. एप्रिलमधील मिरवणुकीचे कामही तोच घेतो. त्याने पेन ड्राइव्ह काढून दाखवला. त्यात प्रल्हाद शिंदे यांचे दोन फोल्डर होते, एकावर ‘एकादशी’ आणि दुसऱ्यावर ‘जयंती’ असे लिहिलेले. वेगळे का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, चुकून एकातलं दुसरीकडे लागलं तर लोक येऊन बंद करायला सांगतात.” मग थोडे थांबून, घरी तो दोन्ही ऐकतो, असेही त्याने सांगितले.