ऊन खेळाडूलाही लागतं, आपल्यालाही

कतारमधल्या मंडळींनो, ऑक्टोबर २०२५ मध्ये कतारने दोह्यात अमिरातीला २-१ असं हरवून २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी रूमवर टाळ्या वाजवल्या असतील. वाजवायलाच हव्यात. २०२२ ला यजमान म्हणून थेट प्रवेश होता आणि तिन्ही सामने गेले. या खेपेला जागा खेळून मिळवली.

हा संघ घडला कसा? २००४ मध्ये दोह्यात अस्पायर अकादमी सुरू झाली. लहान मुलं निवडली. त्यांची शाळा, सराव, डॉक्टर सगळं एका जागी. तिथल्याच फेलिक्स सांचेझ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली १९ वर्षांखालचा संघ २०१४ मध्ये आशियाचा विजेता झाला. त्यातले अक्रम अफिफ आणि अलमोएज अली पुढे वरच्या संघात आले, सांचेझही आले, आणि २०१९ मध्ये जपानला ३-१ हरवून आशियाई चषक घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुसैलला जॉर्डनला हरवून तो राखला. तेव्हाचे तिन्ही गोल अफिफचे, तिन्ही पेनल्टीवर.

अलमोएज जन्माने सुदानचा. ताहसिन मोहम्मद जमशीद तर आपल्या केरळच्या कन्नूरकडच्या घरातला. अस्पायरमध्ये शिकला आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय संघात निवडला गेला. बाहेरून आलेल्या माणसाच्या पोराकडेही नीट लक्ष दिलं तर काय होतं, हे या देशाला चांगलं ठाऊक आहे.

मग आपल्याकडे तेवढं लक्ष कोण देणार?

उन्हाळ्यात खेळणं धोक्याचं म्हणून २०२२ चा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेला. पण ती स्टेडियमं बांधणाऱ्यांनी उन्हाळे साईटवरच काढले. आज निदान कायद्यात आपल्यासाठीही चार गोष्टी लिहिलेल्या आहेत, त्या पाठ करून ठेवा:

- १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद.
- ऊन, दमटपणा आणि वारा धरून मोजतात तो डब्ल्यूबीजीटीचा आकडा ३२.१ च्या वर गेला, तर कुठल्याही वेळी काम थांबलं पाहिजे. मोबाईलवर दिसणारं तापमान वेगळं, त्यात गल्लत करू नका.
- उन्हामुळे जिवाला धोका वाटला तर काम थांबवायचा हक्क कामगारालाही आहे.
- पगार किमान १००० रियाल. कंपनी राहणं-जेवण देत नसेल तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० वेगळे.

कागदावरचं साईटवर आपोआप येत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. "अजून अर्धा तास, मग थांबू" असं फोरमन म्हणतो आणि आपण मान खाली घालतो. एकट्याने बोललं की त्रास होतो, म्हणून चौघं मिळून बोला. तारीख, वेळ, किती वाजेपर्यंत राबवलं, कोणाला चक्कर आली, हे वहीत रोजच्या रोज लिहा. कामगार मंत्रालयात तक्रार करताना तीच वही कामी येते. तोंडी तक्रारीला "असं काही झालंच नाही" म्हणणं सोपं असतं. आणि कंपनी फारच छळत असेल तर २०२० पासून जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलता येते, हेही लक्षात असू द्या.

इथली दुपारची कामबंदी १ जूनपासून आणि विश्वचषक ११ जूनपासून. यंदा प्रत्येक सामन्यात, दोन्ही अर्ध्यांत, पाणी पिण्यासाठी तीन तीन मिनिटं खेळ थांबणार आहे. जगातले सगळ्यात तगडे खेळाडू पाण्यासाठी थांबतात आणि त्यांना कोणी कामचुकार म्हणत नाही. मॅच बघताना ती तीन मिनिटं आली की फोरमनलाही दाखवा. आणि दुसऱ्या दिवशी साईटवर आपलं पाणी, आपली सावली मागून घ्या.