कवीचे पान

रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा शेतकरी कवि १७९६ साली निवर्तला. १८०१ साली नऊ चाहते त्याच्या जन्मगृही भोजनास जमले. तो परिपाठ आजही चालू आहे. प्रतिवर्षी २५ जानेवारीस, त्याच्या जन्मदिनी, भलेभले गृहस्थ गरिबाघरचे अन्न आदराने वाढून घेतात व त्याच्या कविता म्हणतात.

आपल्याकडेही कवीघरच्या भोजनाची कथा आहे. आमच्या सांगोल्यालगतच्या मंगळवेढ्यास चोखोबांच्या घरी विठ्ठल जेवला, हे आपण कीर्तनात भक्तीने ऐकतो. तथापि पंढरीचे मंदिर त्यांच्या ज्ञातिबांधवांस खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मंदिराचे दार उघडले. घरच्या पंक्तीचे काय? वाचकहो, देव ज्यांच्या पंक्तीस बसला, त्यांचे पान शेजारी मांडण्यास आपणांस संकोच कसला?