पारा अठ्ठ्याण्णवावरच
माझी भाची यंदा दहावीला आहे. परवा ती स्वयंपाकघरात फेऱ्या मारत अप्रकट उष्म्याची व्याख्या घोकत होती. एक शब्द चुकत नव्हता. मी गॅसवर पाणी ठेवलं होतं. ते खळखळू लागल्यावर विचारलं, ‘‘आता गॅस मोठा केला तर तापमान वाढेल?’’ ‘‘वाढणारच की, मामा!’’ नुकतीच म्हटलेली व्याख्या जिभेवरून खाली उतरलीच नव्हती. मग प्रयोगशाळेतला थर्मामीटर पाण्यात धरला. पारा 98वर थांबला. गॅस मोठा केला, तरी तो तसूभर हलेना. ‘‘बिघडलाय, 100 पाहिजे,’’ ती म्हणाली. बिघडला नव्हता, पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी थोडं आधीच उकळतं. मग ती जास्तीची उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात: ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, तो याच हिशेबामुळे. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, डाळ लवकर शिजते. हे तिचं तिनेच सांगितलं, तेही पुस्तक न उघडता. एकवीस अपेक्षित प्रश्नसंच घरोघरी असतात, असू देत. गुण मिळवायला ते लागतातच. पण एखादा धडा शेगडीपाशी करून बघा. फक्त ताप बघायचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नका. त्याची मोजपट्टी 42 अंशांपर्यंतच असते आणि काच फुटते.