कर्ज थकणार का, चाचणी होणार का

बोनकोड्याच्या माणसाला दुसऱ्या देशाच्या तिजोरीशी काय देणेघेणे, असे वाटू शकते. पण जवळच्या वाशीच्या एपीएमसी बाजाराशी ज्यांचा व्यवहार आहे, त्यांना श्रीलंकेचे उदाहरण पुरेसे आहे. हा देश आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. १२ एप्रिल २०२२ रोजी त्याने परदेशी कर्जाची फेड थांबवली. त्याआधीच डॉलरच्या टंचाईने खाद्यपदार्थांचे कंटेनर कोलंबो बंदरात अडकून पडले होते.

कर्ज थकते कसे? सरकार स्वतःचे चलन छापू शकते, डॉलर छापू शकत नाही. परदेशी कर्ज मात्र बहुतांशी डॉलरमध्येच फेडावे लागते. म्हणून जाणकार दोन आकडे शेजारी ठेवून पाहतात: देशाची परकीय गंगाजळी आणि वर्षभरात फेडायचे कर्ज. जुने अल्पमुदतीचे कर्ज बहुधा नवे कर्ज काढूनच भागवले जाते. धनकोंनी हात आखडता घेतला, की वर्षानुवर्षे चाललेले गाडे काही आठवड्यांत अडते.

भारताने हे १९९१ मध्ये अनुभवले. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर तेल महागले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली, पतमानांकन घसरले. गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी रवाना करून गहाण ठेवले आणि देशाची पत राखली. धोका आकड्यांत दिसत होता. पण देशाचे सोने गहाण टाकण्याची नामुष्की सरकार पत्करेल का, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नव्हते.

अणुचाचणीत तर सगळे अशा निर्णयावरच अवलंबून असते. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली आणि अमेरिकेच्या दबावानंतर चाचणी बारगळली. ठाणे खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेतील भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी त्यातून शिकले. १९९८ मध्ये बरेचसे काम रात्री, उपग्रहांच्या वेळा चुकवून झाले. उजाडताच वाहने जागच्या जागी उभी असत. ११ आणि १३ मेच्या चाचण्यांनी वॉशिंग्टनला धक्का बसला.

खरे तर सत्तेवर आलेल्या पक्षाने अण्वस्त्रांचा इरादा जाहीरनाम्यातच लिहिला होता. अमेरिकेत झालेल्या चौकशीचे प्रमुख ॲडमिरल डेव्हिड जेरेमाया यांनी बोट ठेवले ते विश्लेषकांच्या गृहीतकावर. दिल्लीही आपल्यासारखाच विचार करील, असे ते विश्लेषक धरून चालले होते. माझ्या मते ही चूक उपग्रह हुकण्यापेक्षा मोठी होती, कारण छायाचित्रे वाढवून ती सुधारत नाही.

हे दोन धोके एकमेकांपासून वेगळेही नाहीत. चाचण्यांनंतर पुढच्याच महिन्यात मूडीज या पतमानांकन संस्थेने भारताचे पतमानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीखाली नेले.

मग अंदाज वर्तवूच नयेत का? वर्तवावेत, पण पडताळता येतील असे. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य कधीच चुकत नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये अंदाजांना गुण देण्याची सोपी रीत मांडली. एखाद्याने ७० टक्के शक्यता सांगितली आणि घटना घडली, तर चूक ०.३; तिचा वर्ग ०.०९. घटना घडली नाही, तर ०.४९. ९५ टक्के सांगून चुकले, तर जवळपास ०.९०. अंक जितका लहान, तितका अंदाजकर्ता विश्वासार्ह. फाजील आत्मविश्वासाची किंमत इथे लगेच दिसते.

रिझर्व्ह बँक महागाईचा अंदाज एका आकड्यावर न थांबता शक्यतांच्या पट्ट्यासह छापते. युद्ध, निर्बंध आणि कर्जबुडीवर बोलणाऱ्या तज्ज्ञांना वाशीच्या निर्यातदारानेही तेवढेच विचारावे: किती टक्के, कोणत्या तारखेपर्यंत, आणि गेल्या वर्षी सांगितलेल्याचे काय झाले?