फासे पडण्यापूर्वी

गुढीपाडव्याला पंचांगातले संवत्सरफल वाचण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पाऊस कसा होईल, पिके कशी येतील, काय महागेल आणि काय स्वस्त होईल, हे वर्षाच्या पहिल्याच सकाळी सांगितले जाते आणि ऐकणारा मान डोलावून ते ऐकतो. पुढे पाऊस कसाही पडो, पुढच्या पाडव्याला पंचांगकर्त्याला कुणी जाब विचारत नाही. साधारण याच सुमारास अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि तिथेही असेच एक संवत्सरफल लिहिले जाते. मेजर लीगचे ३० संघ, प्रत्येकाचे १६२ सामने. त्यांतला कोणता संघ किती सामने जिंकेल याचा अंदाज हंगामाआधीच छापला जातो.

मला या लेखात या हंगामपूर्व लेखांच्या एका विचित्र भावंडाविषयी बोलायचे आहे. ज्या लीगचे सामने मैदानावर कधी होतच नाहीत, फाशांवर किंवा संगणकात होतात, त्या लीगसाठीही असे लेख लिहिले जातात. ते लिहिणारी आणि वाचणारी माणसे बहुधा तीच, म्हणजे त्या लीगमधल्या संघांचे हौशी मालक. हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांनी गांभीर्याने पाहावा असे मला वाटते. का, ते सांगण्याआधी या खेळाची रीत थोडक्यात सांगायला हवी.

हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा खेळ १९६१ साली बाजारात आला. त्यात प्रत्यक्ष खेळाडूच्या कामगिरीवरून प्रत्येकाचे एक कार्ड तयार केलेले असते. त्याच्या मूळ स्वरूपात तीन फासे टाकायचे. पांढऱ्या फाशावर १, २ किंवा ३ आले तर फलंदाजाचे कार्ड पाहायचे. ४, ५ किंवा ६ आले तर पिचरचे. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डावरची ओळ ठरवते. दोन फाशांची बेरीज ७ येण्याची शक्यता ३६त ६, आणि २ किंवा १२ येण्याची प्रत्येकी ३६त १. म्हणजे होम रन सातच्या ओळीत लिहिला आहे की बाराच्या, यावर त्या फलंदाजाची सगळी प्रतिष्ठा अवलंबून. पुढे हेच गणित संगणकाने उचलले. १९९९पासून आलेल्या आउट ऑफ द पार्क या खेळाने तर काल्पनिक खेळाडूंच्या पिढ्यान्‌पिढ्या जन्माला घातल्या. २०२० साली साथीमुळे मेजर लीगचा हंगाम मार्चऐवजी जुलैत सुरू झाला. मधल्या रिकाम्या महिन्यांत लोकांनी याच खेळांनी काढलेले, कधीच न झालेल्या सामन्यांचे निकाल वाचले.

हा पोरखेळ आहे, असे कुणी म्हणेल. आहेच. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या मागच्या बाकावर पुस्तक-क्रिकेट खेळलेले आहे. पान उघडायचे, पृष्ठक्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आले की बाद. त्यात एखादा मुलगा असा निघे की जो वहीच्या शेवटच्या पानांवर धावफलक जपून ठेवी आणि चार दिवसांनी सांगे, ‘तुझा तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज सध्या फॉर्मात नाही.’ पृष्ठक्रमांकाला फॉर्म नसतो हे त्यालाही ठाऊक असे. तरीही त्या वाक्यापाशी खेळ संपून कथा सुरू झालेली असे.

जॅक केरुअक हा असाच एक मुलगा. लॉवेल या मॅसॅच्युसेट्समधल्या गिरण्यांच्या गावात वाढलेल्या या मुलाने स्वतःची एक बेसबॉल लीग निर्माण केली. तिच्यातल्या संघांना मोटारींची नावे दिली, पिट्सबर्ग प्लिमथ्स, सेंट लुइस कॅडिलॅक्स अशी. खेळाडूंना नावे दिली, आकडेवारी ठेवली, आणि लीगची बातमीपत्रे स्वतःच लिहिली. १९५७ साली ‘ऑन द रोड’ प्रसिद्ध होऊन तो जगप्रसिद्ध झाला, तरी ही लीग सुटली नव्हती. ते कागद आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात आहेत आणि त्यांच्यावर आयझॅक गेविर्ट्झ यांनी २००९ साली एक पुस्तक लिहिले. कादंबरीकार केरुअकच्या घडणीत या लीगचा वाटा किती, हे ठरवणे अवघड आहे. पण ज्या माणसाने पुढे स्वतःच्या मित्रांची आयुष्ये कादंबऱ्यांत मांडली, त्याने आधी काल्पनिक खेळाडूंचे बातमीदार म्हणून हात बसवला होता, एवढे निश्चित.

आता हंगामपूर्व लेखाकडे. चांगला लेखक कशाने सुरुवात करतो? मागच्या हंगामातले जिंकलेले सामने बाजूला ठेवून तो केलेल्या आणि दिलेल्या धावा पाहतो. बिल जेम्स यांनी यासाठी एक साधे सूत्र दिले: केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. प्रत्यक्ष बेसबॉलमधले उदाहरण घेऊ. २००७ साली ॲरिझोना डायमंडबॅक्स संघाने ७१२ धावा केल्या आणि ७३२ दिल्या. सूत्राप्रमाणे त्यांनी ७९ सामने जिंकायला हवे होते; जिंकले ९०. पुढच्या वर्षी ते ८२वर आले. आधीच्या वर्षीचे ९० पाहून ज्याने त्यांच्याविषयी स्तुतीचे रकाने भरले असतील त्याला यश दिसले होते, ताकद दिसली नव्हती. यश आणि ताकद यांतला फरक ओळखणे, हे समीक्षेचे पहिले काम नव्हे काय?

पण हा लेखक हुशार असेल तर इथे थांबत नाही. नाणेफेकीइतकी सम ताकद असलेला संघ १६२ सामन्यांत सरासरीने ८१ जिंकेल. मात्र केवळ योगायोगाने त्याचे आकडे तीनपैकी सुमारे दोन हंगामांत ७५ ते ८७ यांच्या दरम्यान कुठेही पडतील आणि उरलेल्या एका हंगामात त्याच्याही बाहेर. पंच्याहत्तर म्हणजे निराशा, सत्याऐंशी म्हणजे अखेरपर्यंतची झुंज. संघ तोच, खेळाडू तेच. २०१५ साली पेकोटा या नावाजलेल्या भाकीतपद्धतीने कॅन्सस सिटी रॉयल्सना ७२ विजय दिले होते. त्यांनी ९५ मिळवले आणि वर्ल्ड सिरीजही जिंकली. प्रत्यक्ष बेसबॉलमध्ये अशा वेळी भाकीतकाराला पळवाट असते: अमक्याची दुखापत आम्हाला ठाऊक नव्हती, तमक्याने नवा चेंडू शिकला होता. फाशांच्या लीगमध्ये ही पळवाट नाही. तिथे प्रत्येक खेळाडूचे अंतरंग कार्डावर छापलेले आहे. गुपित काही उरलेलेच नाही. तरीही निकाल सांगता येत नाही.

माझ्या मते या क्षुल्लक वाटणाऱ्या लेखनप्रकाराचे मर्म इथे आहे. स्वभाव पूर्णपणे ठाऊक, प्रारब्ध मात्र अज्ञात, अशी परिस्थिती तो आपल्यापुढे उभी करतो. आपण वर्गात कादंबरी शिकवतो तेव्हा नेमके उलटे असते. शेवट आपल्याला माहीत असतो आणि त्या शेवटाला शोभेल असा स्वभाव आपण पात्राच्या अंगी पहिल्या प्रकरणापासून शोधत जातो. नायकाचा नाश झाला, म्हणून त्याच्यात नाशाचे बीज होते. आणि बीज होते, म्हणून नाश अटळ होता. हे वर्तुळ इतके सुबक असते की त्यात फाशाला जागाच राहत नाही. हंगामपूर्व लेख लिहिणाऱ्याला ही सोय नाही. त्याला निकालाच्या आधी, सही करून, चुकण्याची तयारी ठेवून लिहावे लागते.

आणखी दोन गोष्टी त्याला पाळाव्या लागतात. पहिली हितसंबंधांची. लेखकाचा स्वतःचा संघही त्याच लीगमध्ये असतो आणि वाचक हे त्याचे प्रतिस्पर्धीच असतात. स्वतःच्या संघाला पहिला क्रमांक दिला तर हसे होते. विनयाने मुद्दाम शेवटचा दिला तर ढोंग उघडे पडते. गणित चौथा म्हणत असेल तर चौथा लिहायचा आणि कारणे द्यायची. लहान वर्तुळात, जिथे प्रत्येक जण लेखक आणि प्रत्येक जण समीक्षक असतो, तिथे हे किती अवघड असते याची कल्पना या पानांच्या वाचकांना वेगळी द्यायला नको.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शेवटच्या क्रमांकाच्या संघालाही परिच्छेद द्यावा लागतो. वर्तमानपत्राला ते बंधन नाही. ते दुबळ्या संघाला एका ओळीत उडवून लावू शकते. लीगमध्ये मात्र त्या संघालाही एक मालक आहे, जो रात्री जागून हा लेख वाचणार आहे. त्यामुळे लेखकाला त्या संघात शोधावेच लागते: पुढच्या वर्षी बहरेल असा एक तरुण पिचर, सगळीकडे कमी पडणारा पण झेल न सोडणारा एखादा म्हातारा क्षेत्ररक्षक. खोटी आशा द्यायची नाही, पण पाहायचे टाळायचेही नाही. ‘हा संघ ६०च्या आसपास जिंकेल’ असे लिहून झाल्यावर उरलेल्या आठ ओळी ज्याला प्रामाणिकपणे लिहिता येतात तो खरा लेखक. पहिल्या क्रमांकाच्या संघावर कुणीही लिहील.

या साऱ्याला एक काळी बाजूही आहे, आणि तिच्याइतका खोल विचार कुणी केला असेल तर तो रॉबर्ट कूव्हर यांनी. त्यांच्या १९६८ सालच्या ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीचा नायक जे. हेन्री वॉ हा हिशेबनीस आहे. त्याने तीन फाशांवर चालणारी स्वतःची लीग निर्माण केली आहे. तिच्यात डेमन रदरफोर्ड हा उमदा नवखा पिचर अवतरतो आणि हेन्रीचा जीव त्याच्यात गुंततो. त्याने डेमनविषयीचे भाकीत मनातल्या मनात केव्हाच लिहून ठेवले आहे: महानता. मग फासे पडतात, तिन्हींवर एकेक. तसे येण्याची शक्यता एरवीही २१६त १ इतकीच. इथे ते पुन्हा पुन्हा येते, नियमांचा दुर्मीळ तक्ता उघडावा लागतो, आणि जॉक केसीने टाकलेला चेंडू लागून डेमन मरतो.

हेन्रीपुढचा प्रश्न साधा आहे. फासे तर त्याच्याच टेबलावर आहेत. पुन्हा टाकले तर कोण पाहणार? तो ते करत नाही. पण पुढे, केसी समोर असताना, तो फासा हाताने ठेवतो. सहा, सहा आणि सहा. केसी मरतो आणि हिशेब पुरा होतो. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात लीगमध्ये शंभर हंगाम लोटलेले आहेत. हेन्री कुठेच नाही. खेळाडू त्या जुन्या दिवसाचा विधी साजरा करत आहेत आणि त्यामागचा अर्थ काय यावर वाद घालत आहेत. नायकाच्या नावाच्या आद्याक्षरांत आणि आडनावात ‘याहवे’ हे ईश्वराचे नाव लपले आहे, हे टीकाकारांनी पुष्कळदा सांगितले आहे आणि ते खरेच आहे. मला मात्र त्यात एका लेखकाची शोकांतिकाही दिसते. ज्या क्षणी फासा हाताने ठेवला, त्या क्षणी भाकीत लिहिण्याची शक्यता संपली. उरले ते धर्मशास्त्र.

भाकीत चुकले म्हणून जग दुरुस्त करण्याचा हा मोह फक्त हेन्रीला होतो असे समजण्याचे कारण नाही. आपण शिक्षकही दर जूनमध्ये एक हंगामपूर्व लेख लिहीत असतो. फक्त तो छापत नाही. नवा वर्ग समोर बसतो, मागच्या परीक्षेचे आकडे हातात असतात, आणि पंधरा दिवसांत कोण पुढे जाईल आणि कोण नाही ते आपण ठरवून टाकलेले असते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीला मी मनातल्या मनात शेवटचा क्रमांक दिला होता. तिच्या वाट्याचा परिच्छेद मी लिहिलाच नाही. वर्षाखेरीस तिने एका कवितेवर लिहिलेले उत्तर वर्गातले सर्वांत चांगले उत्तर होते. ते वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे तिने कुठून तरी उतरवले असणार. मी लाल पेन उचलले होते. फासा उलटा करायला हात पुढे गेला होता, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर तिचेच होते. गुण मी दिले, पण ते देताना आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. माझे भाकीत मोडल्याची चीड तेवढी झाली.

म्हणून न खेळल्या जाणाऱ्या सामन्यांचे हे हंगामपूर्व लेख मला गंभीर वाङ्मय वाटतात. अंदाज करू नये असे ते म्हणत नाहीत. अंदाज केल्याशिवाय आस्था निर्माण होत नाही. ज्याच्याविषयी आपली काहीच अपेक्षा नाही त्याच्या निकालाने आपल्याला काय फरक पडणार? त्यांचे मागणे एवढेच असते, की गणित उघडपणे मांडा, स्वतःच्या संघाला त्यातून वगळू नका, शेवटच्या संघालाही त्याच्या आठ ओळी द्या. आणि मग फासे पडू लागले की हात टेबलाखाली ठेवा.