दंग्यानंतर बंदोबस्त, दंग्याआधी दमडी नाही!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, गावात पोरांची डोकी फुटली म्हणजे सरकारची थैली कशी सैल सुटते, ते आपण पाहतोच. गाड्या येतात, राखीव पोलीस येतात, पंचनामे होतात, सरकारी वकील उभा राहतो, तुरुंगात भाकर मिळते. सारा खर्च बिनबोभाट होतो. परंतु तीच डोकी फुटू नयेत म्हणून गावाने चार पैसे मागितले, की साहेब विचारतात, ‘हे कोणत्या हेडखाली बसते?’ वा रे हेड! पोराचे हेड फुटल्यावर मात्र सगळे खर्च बरोबर बसतात!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका गावची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही; ज्याने त्याने आपलेच समजावे. मिरवणूक कोणत्या गल्लीने न्यायची, ह्यावरून दोन वस्त्यांची पोरे भिडली. दोन्हीकडची माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेली. एकाच्या डोक्यास सात टाके पडले, अकरा जणांवर खटला झाला. त्यांत एक सुताराचा पोर होता. पोलीसभरतीसाठी तो रोज पहाटे मेहकर रस्त्याने धावत असे. त्याने काठी उचललीच नव्हती, घोळक्यात नुसता उभा होता. परंतु कायदा असा, की पाच किंवा अधिक माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरला, म्हणजे त्या जमावाच्या समान उद्देशापायी एकाने केलेला गुन्हा सर्वांच्या माथी बसतो. भरतीत चारित्र्याची पडताळणी होते, तेव्हा हाच खटला आडवा येतो. पोराने धावणे सोडले. आईने जामिनापायी सोयाबीन पडत्या भावाने विकले. आणि ज्या पुढाऱ्याचा फोटो मिरवणुकीच्या फलकावर झळकत होता, तो जामिनाच्या दिवशी गावातच नव्हता. त्याचा स्वतःचा मुलगा पुण्यास शिकतो! पूर्वी सावकार आमच्या अज्ञानावर जगत. आता आमच्यातलेच पुढारी आमच्या पोरांच्या रगेवर जगतात. हे बोलण्यास लाजून चालणार नाही.

कोणी म्हणेल, सरकारने काहीच केले नाही काय? केले. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. गावचा तंटा गावाने मिटवावा, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावास लोकसंख्येप्रमाणे 1 लाखापासून 10 लाखांपर्यंत बक्षीस मिळावे, असा तो विचार. विचार चांगला होता. मी स्वतः एका समितीची वही लिहीत असे, म्हणून गुणही सांगतो आणि दोषही. धुऱ्याची, पांदणीची, भाऊबंदकीची कित्येक भांडणे खरोखर मिटली. गरिबांचा वकिलाचा पैसा वाचला. परंतु बक्षिसासाठी मिटलेले तंटे कागदावर दाखवावे लागत. मग आम्ही लोक विसरून गेलेली भांडणे उकरून वहीत घातली आणि मिटली म्हणून लिहिली! पोरांच्या काठ्या त्या वहीत कधी आल्याच नाहीत. समितीचे काम बिनपगारी. ज्याचे पोट हातावर, त्याने मजुरी बुडवून कोणाची समजूत काढावी? सबब खुर्चीवर बसले ते सवड असलेले. पुढे मोहिमेचा जोर ओसरला आणि वह्या कपाटात गेल्या. आधी फळ दाखवा, मग झाडास पाणी देऊ, असा तो न्याय झाला!

ह्यावर उपाय परका नाही. जोतीराव फुले तरुणपणी लहुजी वस्ताद साळवे ह्यांच्या तालमीत जात. पुढे 1855 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. अंगातील रग तालमीत जिरावी आणि डोक्यातील अंधार शाळेत जावा, ही आपलीच रीत. साता समुद्रांपलीकडेही लोक ह्याच वाटेस लागले आहेत. स्कॉटलंडात ग्लासगो शहरी टोळ्यांची सुरामारी माजली, तेव्हा 2005 साली पोलिसांनीच हिंसा कमी करण्याचे निराळे खाते काढले. 2008 पासून तेथे टोळीतील पोरांस कोर्टात बोलावून, लेकरू गमावलेल्या आईचे व जखमा शिवणाऱ्या डॉक्टराचे बोल ऐकविले. जो मारामारी सोडील त्यास शिक्षणाची व कामाची वाट दाखविली. अमेरिकेत शिकागो शहरी 2000 साली सुरू झालेल्या कामात, पूर्वी स्वतः टोळीत असलेली माणसे पगारावर घेतली आणि भांडण पेटण्याआधी मध्ये घातली. 2015 साली तेथील राज्याने पैसा रोखला, तेव्हा त्यांतील बऱ्याच जणांस घरी बसवावे लागले. विश्वास बांधण्यास वर्षे लागतात, मोडण्यास साहेबाची एक सही पुरते!

तेव्हा आपले मागणे काय? बक्षीस नको, मेहनताना द्या. तोही आधी द्या आणि निदान तीन वर्षे अखंड द्या. गावोगाव संध्याकाळी उघडी राहील अशी तालीम व वाचनाची खोली हवी. तेथे पोरे ज्याचे ऐकतात असा वस्ताद हवा. त्यास महिना 6 हजार दिले तर वर्षाचे 72 हजार होतात. तंटामुक्तीच्या सर्वांत लहान बक्षिसात ते भागून माती, दिवा आणि पुस्तके ह्यांस 28 हजार उरतात! माणूस निवडील ती ग्रामसभा. देखरेखीस निम्म्या बाया आणि प्रत्येक वस्तीचे माणूस. हिशेब दरमहा चावडीच्या फळ्यावर. आणि एक गोष्ट ठाम: समजूत म्हणजे दलितावरील अत्याचार किंवा बाईवरील जुलूम चहा पाजून मिटविणे नव्हे. तो गुन्हा कायद्याच्याच हाती गेला पाहिजे.

सरकारकडे बोट दाखविताना आपणही आपल्या खिशात हात घालावा. डीजेच्या वर्गणीतील रुपयामागे चार आणे तालमीस काढावेत. ज्यास हे जड वाटेल, त्याने जामिनाच्या दिवशीचा खर्च आठवावा.

तो सुताराचा पोर सध्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर दोन्ही वस्त्यांच्या लहान पोरांकडून दंड-बैठका काढून घेतो. फुकट. दिव्याचा खर्च मी करतो. परंतु शाळामास्तराची बदली होते आणि पोटासाठी सुताराच्या पोरास शहर धरावे लागते. मग तो दिवा कोण लावणार? येत्या ग्रामसभेत उठून हा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर ठरावात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका!

— एक खेडवळ शाळामास्तर, जिल्हा बुलढाणा